थोरलीचं मोकळं कपाळ

माझा हात लिहायला फार भराभर चालायचा आणि त्याचा मला गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या गर्वापायी झालं.

माझं माहेर सांगलीचं. सांगली तेव्हा संस्थान होती, आणि आमच्या वडिलांना मुलींना शिकवायची हौस. त्यामुळं इंग्रजीच्या चार इयत्ता पदरात पाडूनच मी लग्न होऊन कराडला आले. नवरा वकील, अंगावर खादी, घरात सासू-सासरे नाहीत, आणि मला दुपारी झोप येत नसे. अशा बाईला कुणीतरी कामाला लावणारच. लढाई सुरू होऊन दोनतीन वर्षं झाली होती. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावची माणसं पलटणीत गेलेली, आणि मागं राहिलेल्या बायकांपाशी आलेलं पत्र वाचायलाही कुणी नाही, अशी तऱ्हा. कराडच्या काही बायकांनी मिळून अशा घरांसाठी एक मदत समिती काढली होती. हिवतापावर क्विनीनच्या गोळ्या पोचवणं, रॉकेलच्या परवान्याचे अर्ज भरून देणं, अडलेल्या बाळंतिणीसाठी चांगली सुईण गाठून देणं, आणि पत्रं वाचणं-लिहिणं, अशी आमची कामं. मी पत्रांत पडले.

आमच्याकडं लोक जरा तिरक्या नजरेनं बघत. जिल्ह्यात चळवळ पेटलेली, पोरं भूमिगत झालेली, आणि आम्ही सरकारच्या शिपायांची घरं सांभाळत फिरतोय. घरीसुद्धा मला ऐकून घ्यावं लागे. "आज किती गोऱ्यांना मदत केलीत?" असं संध्याकाळी विचारणं व्हायचं. "गोऱ्यांच्या बायका ज्वारी निवडत नाहीत," असं मी म्हणायची आणि ताट जरा आपटूनच ठेवायची. पण मनातून मला आमच्या कामाचा अभिमान होता. आपण करतो आहोत ते चोख करतो आहोत, असं मला वाटायचं.

कराडाहून तासगावकडं जाणाऱ्या रस्त्यापासून कोसभर आत एक गाव होतं. ते माझ्या वाट्याला आलं. तिथले शाळामास्तर आजवर सगळ्यांची पत्रं वाचून दाखवत, पण त्यांना रेशनिंगच्या कामावर नेलं आणि गाव आंधळं झालं. म्हणून पहिल्याच दिवशी मी शाळेच्या ओसरीवर बसून पलटणीतल्या माणसांच्या घरांची वही करायला घेतली. डाव्या बाजूला बाईची खूण, म्हणजे कुठल्या आळीतली, थोरली की धाकटी. उजव्या बाजूला तिच्या नवऱ्याचं नाव आणि घरात असेल त्या कागदावरून त्याचा पलटणीतला नंबर.

काम सोपं, पण बायका काही नवऱ्याचं नाव घेईनात. हे मला काही नवीन नव्हतं. मी स्वतः तरी कुठं घेत होते? घरात मी "अहो" म्हणायची आणि बाहेर "आमच्याकडचे". तरीपण चाळीस बायका रांगेत उभ्या, प्रत्येकीनं पदर तोंडाला लावून हसायचं, मग मागच्या बाईनं तिच्यासाठी नाव सांगायचं, ह्या सगळ्याचा मला कंटाळा आला. "अहो, लवकर सांगा, माझी मोटार चुकेल," असं मी चारचारदा ओरडत होते.

तशात दोघी जावा आल्या. सासू-सासरे मागंच वारलेले, दोन भाऊ, दोघंही पलटणीत, आणि घरात ह्या दोघीच. थोरली तिशीतली, उंच, सरळ बघून बोलणारी. धाकटी अठराची असेल नसेल, तिच्या पाठीमागं लपलेली. मी थोरलीला म्हटलं, "हं, सांगा नाव." तिनं न अडखळता एक नाव सांगितलं. मी खूष झाले. एक तरी शहाणी भेटली! ते नाव मी तिच्यासमोर लिहून टाकलं. "आणि दुसऱ्याचं?" तर ती गप्प. धाकटीही गप्प. मग मागच्या म्हातारीनं दुसरं नाव सांगितलं. ते मी धाकटीसमोर लिहिलं. दोन ओळी, अक्षर मोत्यासारखं, पुढची बाई कोण? झालं.

समितीची आणखी एक पद्धत होती, आणि ती माझ्याच हट्टानं पडलेली. लढाईत माणूस गेला की इंग्रजीतला कागद टपालानं यायचा. टपालवाला तो दारात टाकून निघून जायचा, आणि घरातली बाई तो कागद देवापाशी ठेवून वाचणारं कुणी येईपर्यंत आठ-आठ दिवस वाट बघत बसायची. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, हे माणुसकीचं नाही. असला कागद आला की आपल्यातल्या एकीनं तो घेऊन जावं, बाईच्या जवळ बसावं आणि तोंडानं सांगावं. अध्यक्षबाईंनी पोस्टमास्तरांना गाठलं, त्यांनी मानलं, आणि कागद आमच्याकडं येऊ लागले.

दोन महिन्यांनी त्या गावचा पहिला कागद आला. मी वही उघडली, नाव ताडून पाहिलं, नंबर ताडून पाहिला. थोरलीचा नवरा.

त्या वेळी पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. त्या दिवशी मी प्रत्येक चढाला उतरले आणि प्रत्येक चढाला तिला सांगायचं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. कोसभर चालत गावात पोचले तेव्हा थोरली सोप्यात बसून बियाण्यासाठी शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. "तुमच्या यजमानांची बातमी आली आहे," एवढंच म्हणाले आणि माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. ती शेंगांच्या ढिगावर आडवी झाली.

पुढचं मला आवरलंच नाही. आळीतल्या बायका कुठून आल्या कोण जाणे, सोपा भरून गेला. "कुटं? कवा?" असं कुणीतरी मला विचारलं आणि मी सांगितलं, बर्माच्या आघाडीवर, मागच्या महिन्यात. त्यांना बर्मा काय नि आणखी काय! त्या गावात मागच्या लढाईपासून कुठल्याही लढाईला बसराच म्हणत. "बसऱ्याला गेला गं माझा भाऊ!" म्हणून एकीनं हेल काढला. दोघींनी थोरलीला उचलून उंबऱ्याशी आणलं. तिला पुरती शुद्धही नव्हती. एकीनं तिचे हात उंबऱ्यावर धरले आणि दुसरीनं वरून पाट्याचा वरवंटा मारला. हिरव्या काचा माझ्या पायाशी येऊन पडल्या. कपाळ पदरानं असं घासलं की कातडी लाल झाली. गळ्यातलं डोरलं ओढून तोडलं. जोडवी निघेनात तर साबण लावला. मी आयुष्यात विधवा पुष्कळ पाहिल्या होत्या, पण विधवा करताना कुणाला पाहिलं नव्हतं. हे सगळं एवढ्या झटपट होतं हे मला माहीत नव्हतं. माझी मोटार यायला अजून दीड तास होता आणि तिथं सगळं उरकलं होतं.

कागद कुणी मागितला नाही. मी तो पाटलांकडं दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी तो डोक्याला लावून पेटीत ठेवला.

दहाव्याला मी गेले होते. भाऊबंदातल्या एकानं नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. मेलेल्याची काही इच्छा मागं राहिली नाही म्हणाले. मलाही बरं वाटलं, हे कबूल करते.

नंतर मी दर आठवड्याला जाऊ लागले. थोरली पांढऱ्या कपाळानं कामाला लागली होती. धाकटी पोटुशी होती, पाचवा लागला होता, आणि तिचं आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. ती थोरलीला कशालाही हात लावू देत नसे. पाणी आण, शेण काढ, भाकऱ्या थाप, सगळं हीच करू बघायची. मी समितीत जाऊन ह्या दोघींच्या मायेचं वर्णन करून सांगितलं होतं. अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

असे आणखी दोन महिने गेले. एका दुपारी शाळेच्या ओसरीवर टपालवाल्यानं मला गावची चार पत्रं दिली. त्यातलं एक ह्या घरचं होतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव वहीप्रमाणं धाकटीच्या नवऱ्याचं. मला आनंद झाला. त्या घराला काहीतरी चांगलं ऐकवायला मिळणार होतं. पत्र मोठ्यानं वाचण्याआधी मनात वाचायची माझी सवय होती, म्हणून मी ते तिथंच उघडलं.

वर लिहिलं होतं, सौभाग्यवती हीस अनेक आशीर्वाद. आपण खुशाल आहोत, थंडी फार आहे, मेंढ्यांच्या कातड्याचे कोट दिले आहेत. मग पुढं होतं: "धाकट्याचं पत्र येतं का? तो बर्माच्या बाजूला गेला असं इथं एका गाववाल्यानं सांगितलं. मला त्याच्या काळजीनं झोप येत नाही. गाववाल्याच्या घरून आलेल्या पत्रावरून धाकट्याची बायको पोटुशी असल्याचं समजलं. मागच्या खेपेसारखं होऊ देऊ नको. तू थोरली आहेस, तुझ्यावर सगळं आहे."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, लिहिणाऱ्यानं घोटाळा केला. दुसऱ्यांदा 'तू थोरली आहेस' ह्या शब्दांवर बोट ठेवून वाचलं. तिसऱ्यांदा मी पत्राची तारीख बघितली. इंग्रजी कागदावर मरणाची जी तारीख होती, तिच्यानंतरची.

ओसरीवर त्या दिवशी काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. थोरलीनं न अडखळता जे नाव सांगितलं होतं ते तिच्या धाकट्या दिराचं. तेवढंच ती घेऊ शकत होती. नवऱ्याचं नाव तिच्या जिभेवर येणार नव्हतं, आणि धाकटीच्या जिभेवर तर दोन्ही येणार नव्हती, एक नवऱ्याचं म्हणून आणि एक थोरल्या दिराचं म्हणून. जे नाव बाईच्या तोंडातून निघालं ते तिच्या नवऱ्याचं असूच शकत नाही, एवढी साधी गोष्ट! हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि मला, जिनं स्वतः कधी आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही तिला, कळलं नव्हतं. मला मोटार गाठायची होती ना!

जिवंत माणसाच्या बायकोच्या बांगड्या मी फोडवल्या होत्या. जिवंत माणसाचा पिंड कावळ्याला घातला होता. आणि जी खरी विधवा होती ती सातव्या महिन्याचं पोट घेऊन, कपाळभर कुंकू लावून, शेण काढत होती.

मग मी उठले. मला वाटलं, निदान एकीला तरी हसताना बघेन. थोरली गोठ्यात वैरण टाकत होती. धाकटी पाण्याला गेली होती. मी थोरलीला दावणीपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, पत्र दाखवलं, तिचा नवरा जिवंत आहे म्हणून सांगितलं. मी रडत होते. "मला काय हवं ते बोला, पण आधी कुंकू लावा," असं काहीतरी म्हणाले.

ती हसली नाही, आणि माझ्यावर ओरडलीही नाही. बराच वेळ पत्रावर बोट फिरवत बसली. तिला अक्षर येत नव्हतं. मग म्हणाली, "म्हंजी धाकला गेला."

मी मान हलवली.

"तिला सांगितलंसा?"

"नाही."

"मग सांगू नगा." ती उठून उभी राहिली. "सातवा हाय तिला. मागल्या टायमाला नुसती म्हस अंगावर आली तर पोर गेलं. आता हे आइकल तर ऱ्हाती का ती? मोकळी हुईस्तवर सांगू नगा."

"मग तुमचं? हे कपाळ?"

"हाय तसं ऱ्हाऊ द्या की. दोन म्हैनं झालं, धाकल्याचं सुतक कुनी धरलं न्हाई, ते मीच धरते. माझं काय जातंय त्यात?"

मी काय ऐकते आहे तेच मला समजेना. नवरा धडधाकट असताना जाणूनबुजून विधवेच्या वेषात बसायचं? मी चार बुकं शिकलेली, घरात सुधारणेच्या गोष्टी करणारी, पण मलाही तो अपशकुन वाटला. तो तिकडं लढाईत उभा आहे, त्याला काही झालं तर? मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मात्र ती माझ्यावर चिडली. "आवं बाई, कुकवानं गोळी थांबती आसती तर धाकलीनं काय कमी लावलं हुतं?"

तिनं मला धाकटीच्या पोटातल्या मुलाची शपथ घातली. मी घेतली.

कराडला येऊन मी अध्यक्षबाईंना अर्धंच सांगितलं. वहीत चूक झालेली दिसते, तपास करते आहे, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, अशी चूक एक दिवसही ठेवू नये. बरोबर होतं त्यांचं. मी होय म्हणाले आणि केलं नाही. घरी मात्र सगळं सांगितलं. गोऱ्यांवरून चिडवणारा माणूस त्या दिवशी जेवण टाकून उठला आणि परत कधी त्यानं मला कामावरून चिडवलं नाही.

पुढचे दोन महिने मी जे केलं ते आठवलं की अजून मला लाज वाटते. मी गेले की धाकटी पत्र सांगायला बसायची. तिच्या नवऱ्याला. पूर्वी ती कधी बसली नव्हती, पण त्या दिवसांत तिला एकदम पत्रांची हौस आली. "लिवा, की म्हस याली. लिवा, की पावटा लय आलाय औंदा. लिवा, की जपून ऱ्हावा, पान्यात भिजू नगा." ती सांगायची आणि मी लिहायची. थोरली पलीकडं बसून ज्वारी पाखडायची. सूप हलायचं थांबलं की मला कळायचं, ती ऐकते आहे. मेलेल्या माणसाला भिजू नको म्हणून लिहिताना माझा भराभर चालणारा हात चालत नसे. एकदा धाकटीच म्हणाली, "बाई, आज लय सावकाश लिवतायसा." मी म्हटलं, टाक खराब आहे. ती पत्रं मी पोस्टात टाकली नाहीत. सात होती. माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवली.

थोरलीनं आपल्या नवऱ्याला एकच पत्र लिहवलं, तेही मला गोठ्यात बोलावून. सगळी खुशाल आहोत. धाकटीला जपते आहे. बास.

मूल झालं. सुईण आमच्या समितीची होती, तिनं कराडला निरोप आणला. मुलगी, आणि दोघी सुखरूप. थोरलीचा निरोप असा होता, की बारसं होऊ द्या, तेराव्या दिवशी या, आपण दोघी मिळून सांगू. मी त्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघाले. पिशवीत बाळासाठी दोन झबली होती आणि थोरलीसाठी कुंकवाची पुडी. एकीचं पुसायला आणि एकीचं लावायला निघाले होते, आणि ह्यातलं आधी काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

धाकटी बाजेवर बसली होती. थोरली खाली पाय पसरून बसलेली, पायांवर मुलगी, आणि मुलीच्या टाळूवर तेल जिरवत होती. दुपारची वेळ, आळीतल्या बायका शेतात गेलेल्या. मी बाजेपाशी बसले. तिचा हात हातात घेतला. हात घेतला आणि मला चार महिन्यांपूर्वीची मी आठवले.

"बाई," धाकटी म्हणाली, "तुमी कशापायी जिवाला त्रास करून घेतासा? मला ठावं हाय."

मला वाटलं, आळीत कुणी बोललं. की गोठ्यातलं बोलणं हिच्या कानावर पडलं होतं. "कधीपासून?" मी विचारलं.

"तुमी कागद घिऊन आलासा तवापास्नं."

थोरलीचा हात मुलीच्या टाळूवर थांबला.

"आक्का पडल्या हुत्या, त्यांनी आइकलं न्हाई," धाकटी माझ्याकडंच बघून सांगत होती. थोरलीकडं बघायचं ती टाळत होती. "तुमी बर्मा म्हनलासा. बर्माला आमचं गेलं हुतं. जाताना मला सांगून गेलं हुतं, दुसऱ्या कुनाला न्हाई. भावजी तर दर्यापार. मला कळलं, पर माझी दातखीळ बसली. तवर त्यांनी आक्कांचं हात धरलं हुतं. म्या बगत ऱ्हायले."

मी ऐकत होते आणि मला ते खरं वाटत नव्हतं. चार महिने! उंबऱ्यावर काचा फुटताना हिला माहीत होतं. दहाव्याला माहीत होतं. माझ्यासमोर बसून पावटा आणि म्हैस सांगत होती तेव्हा माहीत होतं, आणि मी हिला फसवते आहे म्हणून मी घरी जाऊन रडत होते.

"मग ती पत्रं?" मी म्हटलं.

"लिवीत ऱ्हायलं की वाटायचं..." ती थांबली. मग एकदम थोरलीकडं वळली. "आक्का, माज्याजागी तुमचं कपाळ मोकळं हुतं तवर माजा मानूस जित्ता हाय आसं वाटायचं मला. रोज म्हनायची, उद्या सांगते. उद्या सांगते म्हनायची आन् सकाळी उठून कुक्कू लावायची. मला माती मिळूस्तवर ह्ये पाप फिटायचं न्हाई."

मुलगी कुरकुरली. थोरलीनं तिला पायांवरून उचललं, पोटाशी घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता ही हिला मारील, नाहीतर मुलीला खाली ठेवून घरातून निघून जाईल. तिनं तसं केलं असतं तरी मी तिला बोल लावला नसता. आपण सगळ्यांच्या वाटचं ओझं उचललंय असं जिला चार महिन्यांतले दोन महिने वाटत होतं, तिला आज कळत होतं की ते आधीच दुसऱ्या कुणीतरी तिच्या डोक्यावर ठेवून दिलं होतं.

"तू सांगितलं आस्तंस," ती शेवटी म्हणाली, "तरी म्या न्हाई म्हनलं नस्तं. तुज्यासाटी बसले आस्ते मी तशीच." तिचा आवाज चढला नाही. "पर इचारायचं हुतंस मला. कुनी येकानं तरी मला इचारायचं हुतं."

हे ती जावेला म्हणाली. पण माझी मान खाली गेली. वही करताना, कागद आणताना, हात धरून बसताना, मी तिला एकदा तरी विचारलं होतं का?

मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी पिशवीतून कुंकवाची पुडी काढली आणि थोरलीपुढं धरली. तिनं ती बघितली आणि परत सारली. "ऱ्हाऊ द्या आज. आज तिचा दिस हाय."

तिनं मुलगी माझ्याकडं दिली. वाटीतलं उरलेलं तेल हातावर घेतलं, बाजेवर धाकटीच्या शेजारी बसली, तिच्या मनगटांना तेल चोळलं, आणि एकेक बांगडी हळूहळू काढून बाजूला ठेवू लागली. एकही फुटू दिली नाही. धाकटी तोंडातून आवाज न काढता बघत होती. शेवटची बांगडी निघाली तेव्हा थोरलीनं माझ्या हातातून मुलगी घेतली आणि दाराकडं मान केली. मी बाहेर आले. तिनं आतून कडी लावून घेतली आणि मग मला धाकटीचा आवाज ऐकू आला. चार महिने अडवून धरलेला तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

शेताकडून बायका धावत आल्या. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्या मला ढकलत होत्या, आत सोडा म्हणत होत्या, आणि मी सोडत नव्हते. "काय झालं? पोर गेलं का? आवं, कोन गेलं?" एकजण माझा दंड धरून विचारत होती.

मी त्याचं नाव सांगितलं. आधी त्याचं, मग त्याच्या बापाचं, मग आडनाव, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं, दोनदा.